अध्यक्षांचा डबा

"रोगावर मात करण्याची जिद्द, हाच माणूस आणि जनावर यांच्यातला खरा फरक आहे, आणि आपलं गाव तो फरक साऱ्या जगाला दाखवून देणार आहे!" असं अध्यक्ष म्हणाले. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबेपर्यंत अध्यक्षांनी घसा खाकरला, तोंडात जे जमलं ते नीट गोळा केलं आणि खिडकीतून बाहेर थुंकले.

खिडकीखाली न्हाव्याची बायको दुकानाचे टॉवेल धूत होती.

तिनं वर पाहिलं नाही. हातातला टॉवेल पुन्हा बादलीत बुचकळला, पिळला, झटकून तारेवर टाकला आणि आपल्याशीच म्हणाली, "बैठक सुरू झाली वाटतं."

बैठक रोगप्रतिबंधक समितीची होती. गावाच्या सभागृहाला लागूनच न्हाव्याचं दुकान. दुकानाची खोली गावाची, म्हणजे समितीची, म्हणजे अध्यक्षांची. म्हणून न्हाव्यालाही बैठकीला बोलावलं होतं. तो दारात, चपलांच्या शेजारी बसला होता. विषय त्याच्याच वस्तऱ्याचा होता, पण त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. ज्याचं लग्न त्याला आमंत्रण नाही, तसला प्रकार.

एवढं सगळं घडायला कारण झाला गावातला ट्रकवाला. उन्हाळा लागता लागता तो वाळत गेला, आणि विहिरींनी तळ गाठायच्या आत शहरातल्या इस्पितळात संपला. कशानं संपला ते सगळ्यांना कळलं आणि नाव कोणी घेतलं नाही. 'तो रोग' एवढंच म्हणायचे, तेही खाली बघून. मग एका सकाळी माणसं न्हाव्याच्या दुकानात घुसली.

"त्याची दाढी तूच करायचास ना?"

"करायचो."

"कोणत्या खुर्चीत?"

दुकानात खुर्ची एकच होती. न्हाव्याच्या बापानं उमेदीत घेतलेली, मान टेकायला उशी असलेली, गोल फिरणारी. ती त्यांनी उचलून रस्त्यावर नेली आणि पेटवली. रेक्झिनचा असा काही धूर निघाला की शेजारच्या शिंप्याची बायको उंबऱ्यातच ओकली. न्हाव्याचा म्हातारा बाप भिंतीला धरून बाहेर आला, आगीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "रोग रेड्याला आणि औषध पखालीला! अरे, खुर्चीनं केली का रे त्याची दाढी?"

म्हाताऱ्याचं कोण ऐकतंय? ज्यानं केली तो वस्तरा न्हाव्याच्या खिशात होता. दुसऱ्या दिवशी खुर्ची जाळणारे तेच लोक तेलाच्या पालथ्या पिंपावर बसून त्याच वस्तऱ्यानं दाढी करून गेले. वर म्हणाले, "बसायला टोचतंय रे. एखादी खुर्ची का नाही ठेवत?"

त्यानंतर नर्सबाई आल्या. किडकिडीत अंगाच्या, आवाज मात्र थेट दगड फोडणाऱ्याचा. एका चपलेचा अंगठा पिनेनं अडकवलेला. त्यांनी लोकांना जमवून सांगितलं, "शेजारी बसलं, हात हातात घेतला, एका ताटात जेवलं म्हणून हा रोग होत नाही. रक्ताला रक्त लागलं की होतो. सुईतून जाईल. वस्तऱ्यातून क्वचित, पण रक्तातली कावीळ वस्तऱ्यातून हटकून जाते, आणि ती फार चिवट. रक्त वाळलं तरी मरत नाही. यकृत खाते. आणखी कशानं होतो ते बायकांना वेगळं सांगेन. पुरुषांना ते आधीच ठाऊक आहे असं पुरुष म्हणतात."

बायका हसल्या. पुरुषांनी आभाळाकडे पाहिलं.

नर्सबाईंचं म्हणणं साधं होतं. प्रत्येक पुरुषाचा स्वतःचा डबा. त्यात स्वतःचा वस्तरा, स्वतःचा ब्रश, स्वतःचा टॉवेल. डबे न्हाव्याच्या भिंतीवर टांगायचे, ज्याचा त्याला. समितीनं ही सूचना एकमतानं मान्य केली आणि मान्य करता करता तिच्यात थोडी दुरुस्ती केली. एक चूल, एक डबा.

"अहो, एका घरात चार भाऊ असले तर?" नर्सबाईंनी विचारलं.

"मग काय झालं? सख्खे भाऊ आहेत," अध्यक्ष म्हणाले. "त्यांचं रक्त एकच."

"होय," शेजारून आवाज आला. अध्यक्षांच्या डाव्या हाताला एक लांबट चेहऱ्याचा माणूस कायम बसलेला असे. त्याला सारं गाव होयबा म्हणायचं. त्याचं समितीतलं कामच ते होतं.

नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. बाहेर न्हाव्याची बायको दुसरा टॉवेल पिळत होती.

डबे आले. पत्र्याचे, झाकणाचे. न्हाव्याच्या पोरीनं त्यांच्यावर रंगानं खुणा काढल्या. लोहाराच्या डब्यावर हातोडा, गवळ्याच्या डब्यावर चरवी, शिंप्याच्या डब्यावर कात्री. पोरगी हाताची चांगली होती. डबे भिंतीवर ओळीनं टांगले तेव्हा दुकान बघण्यासारखं दिसलं. नर्सबाई येऊन मनापासून हसून गेल्या. न्हाव्यालासुद्धा वाटलं, चला, काहीतरी बरं झालं.

आठवडाभरात त्या भिंतीला वास सुटला.

ओला ब्रश झाकणबंद डब्यात, वर उन्हाळा. झाकण उघडलं की आतून भिजलेल्या कुत्र्याचा भपकारा यायचा. ब्रशच्या केसांत कालचा साबण, परवाची खुंटं, एखादी खपली. टॉवेल म्हणून लोकांनी घरातलं जे नको ते आणून कोंबलं होतं. गवळ्याच्या डब्यात तर चक्क म्हशीची धार काढताना हात पुसायचं फडकं. पिठाच्या गिरणीवाल्याच्या डब्यातून तो, त्याचे दोन भाऊ आणि खरूज झालेला चुलता, असे सगळे ओळीनं दाढी करून घ्यायचे. चुलत्याची आधी करायची, कारण तो वयानं मोठा. मान राखायलाच हवा. पाहुणा आला की त्यालाही यजमानाचाच डबा. ज्यांची चूलच नव्हती, ते मेंढरांमागं फिरणारे आणि रस्त्यावर खडी फोडणारे, ते यायचे आणि भिंतीकडे बोट दाखवून म्हणायचे, "त्या कात्रीवाल्यातून कर. शिंप्याला नको सांगू."

न्हावी करायचा. सकाळी दिवस उजाडल्यापासून पिंपापाशी उभा. मान दाब, गाल ताण, वस्तरा ओढ, फेस बोटानं पूस, बोट वाटीच्या कडेला घास. वाटीतलं पाणी दहा वाजेपर्यंत राखाडी व्हायचं आणि त्यावर केसांची साय धरायची. पूर्वी एक वस्तरा सांभाळायचा होता. आता भिंतभर डबे. बायको नदीच्या आटलेल्या डोहावरून पाणी आणायची, टॉवेल वेगवेगळे उकळायची. एकात घातले तर भांडणं व्हायची. "आमचा त्यांच्यात घातलास?" म्हणून लोहारीण दारात येऊन बोंबलून गेली होती. न्हाव्यानं हळूहळू दुकानात नाकानं श्वास घेणं सोडून दिलं. तोंड उघडं ठेवून काम करायचा. गिऱ्हाइकांना वाटे, बरा हसतमुख झालाय हल्ली.

आणि मग अध्यक्षांचा डबा.

तो पत्र्याचा नव्हता. पितळी, नक्षीचा, आत लाल मखमल. वस्तरा अध्यक्षांच्या वडिलांचा, परदेशी पोलादाचा, हस्तिदंती मुठीचा. त्याला उकळत्या पाण्यात घालायला बंदी होती. "धार जाते," अध्यक्ष म्हणाले. "वडिलांनी कधी उकळला नाही आणि ते ऐंशी वर्षं जगले."

"होय," होयबा म्हणाला.

एकदा वरून कोणी अधिकारी डबे बघायला आला. त्याची दाढी वाढलेली. अध्यक्षांनी उदार मनानं हात केला, "साहेबांची आमच्या डब्यातून कर." अधिकारी खूष झाला. झालं! दुसऱ्या दिवशी गिरणीवाला येऊन लाजत लाजत म्हणाला, "मला पण एकदा साहेबांच्या डब्यातून..." अध्यक्ष हसले. "कर रे याची." मग धान्याचा व्यापारी. मग शाळेचे हेडमास्तर. मग पिकअपवाला. अध्यक्षांच्या डब्यातून दाढी होणं हा गावात मान ठरला. ज्याची झाली तो दुपारपर्यंत तोंड धूत नसे. ज्याची नाही झाली तो समितीवर टीका करी. निवडणुकीचं तिकीट मिळावं तसं लोक त्या वस्तऱ्याकडे बघत.

न्हावी संध्याकाळी बायकोला म्हणाला, "आधी सगळ्यांना एकच वस्तरा लागायचा तो नाइलाजानं. आता वशिल्यानं लागतो."

म्हातारा खाटेवरून म्हणाला, "त्यापेक्षा खुर्चीच होती तेव्हा बरं होतं."

अध्यक्षांचा चेहरा न्हाव्याइतका जवळून गावात कोणी पाहिला नव्हता, त्यांच्या बायकोनंसुद्धा नाही. हनुवटीखाली उबाळू. दाढीचे केस आतल्या आत वळलेले, त्यांच्यावर पुवाच्या टोप्या. कितीही हलक्या हातानं ओढला तरी वस्तरा त्यातल्या एखाद्या टोपीला लागायचाच. पांढरं यायचं, मग लाल. रोजचंच ते. पण हल्ली मान मागं टेकवून गाल ताणला की अध्यक्षांच्या डोळ्यांच्या कडा दिसायच्या आणि त्या पिवळ्या होत्या. जुन्या साबणाच्या वडीसारख्या. नखंही तशीच. अंग खाजवून खाजवून मानेवर ओरखडे उठले होते.

"साहेब, डोळे जरा..."

"ऊन," अध्यक्ष म्हणाले. "तू गालाकडे बघ."

मग नर्सबाईंनी रक्त तपासायचं शिबिर घेतलं. समितीच्या प्रत्येक सभासदानं आधी स्वतःचं रक्त द्यावं म्हणजे लोक येतील, असं त्यांनी अध्यक्षांना विनवलं. अध्यक्ष म्हणाले, "अवश्य!" पुढच्या आठवड्यात अध्यक्षांचं रक्त स्वच्छ निघाल्याचा कागद चौकटीत घालून न्हाव्याच्या आरशाशेजारी लावण्यात आला.

कागद लागला त्याच दिवशी होयबा दाढीला बसला. बाही वर सरकलेली, कोपराच्या आतल्या बाजूला काळंनिळं.

"हे काय हो?" न्हाव्यानं विचारलं.

"सुई," होयबा म्हणाला. "टेबलावर नर्सबाईंच्या हाताखालचा नवा पोरगा होता, त्याला कुठं चेहरे माहीत? मला विचारलं, अध्यक्ष आपणच का? मी काय म्हणणार?"

"होय म्हणालात."

"होय." त्याचा लांबट चेहरा अभिमानानं आणखी लांब झाला. "टोचलं मला आणि निरोगी ठरले साहेब. निष्ठा म्हणतात याला."



त्या संध्याकाळी त्याला जेवण गेलं नाही. हात धुतले, पुन्हा धुतले, नखांखालचं काडीनं काढलं. बायको बघत होती. त्यानं सांगून टाकलं.

"मग नर्सबाईंना सांगा," ती म्हणाली.

"सांगितलं तर दुकान जाईल. खोली त्यांची आहे."

"आणि नाही सांगितलं तर?"

"नाही सांगितलं तर आपलं काही जात नाही. लोकांचं जातं."

बायकोनं त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याला पुन्हा हात धुवावेसे वाटले.  पोरीचं लग्न ठरलं होतं. मांडव नको, सभागृहातच करा, असं अध्यक्षांनी स्वतःहून सांगितलं होतं. नवरा मुलगा पलीकडच्या गावचा, ट्रॅक्टर चालवायचा. कामाला वाघ आणि केसाला तेल लावायला त्याहून वाघ. वाईट नव्हता. पोरीनं स्वतः बघून होकार दिलेला.

लग्नाच्या आधी दोन-चार दिवस तो सभागृह बघायला आला आणि दुकानात डोकावला. पितळी डबा बघून त्याचे डोळे लकाकले. नेमके तेव्हाच अध्यक्ष आत आले.

"हेच का जावईबापू? वा! लग्नाच्या सकाळी यांची दाढी आमच्या डब्यातून होणार. आधी माझी होईल, लगेच त्याच वस्तऱ्यानं यांची. न पुसता! गावानं जावई आपला मानला हे दिसलं पाहिजे. फोटोवाल्याला बोलवा रे."

"होय," होयबा म्हणाला.

जावई इतका हरखला की वाकून अध्यक्षांच्या पाया पडला. न्हावी हातातला ब्रश पिळत उभा राहिला. ब्रशातून पिवळसर पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

घरी पोरगी चुलीपाशी बसून होती. तिला सगळं कळलेलं होतं. आईच्या पोटात गोष्ट राहते थोडीच?

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही म्हणालात, लोकांचं जातं. मग हे आता लोकांत की आपल्यात?"

 खाटेवरून म्हातारा म्हणाला, "जात्यात पडल्यावर कळतं दाण्याला."

दुसऱ्या दिवशी न्हावी सायकल हाणत पलीकडच्या गावी गेला. जावई ट्रॅक्टरखाली उताणा पडून नट आवळत होता. न्हावी चाकाशेजारी उकिडवा बसला आणि त्या दोन तंगड्यांना उद्देशून त्यानं सगळं सांगितलं. डोळे, नखं, होयबाच्या हाताला टोचलेली सुई, सगळं.

 मग खालून आवाज आला, "मामा, कावीळ डोळ्यांत आहे ना त्यांच्या?"

"हो."

"मग? मी काय डोळ्यांची दाढी करणार आहे?"

"अरे बाबा, ती रक्तात असते. डोळ्यांत नुसती दिसते."

"मामा," जावई बाहेर सरकून आला. तोंडाला ग्रीस. "आमच्या गावात सगळ्यांना सांगून झालंय. मित्र बघायला येणार आहेत. आता नाही झाली तर माझी काय किंमत राहिली? छटाकभर रोग झाला तर होऊ दे. तुमच्या गावातले एवढे मोठे मोठे लोक करून घेतात, ते काय वेडे आहेत?"

न्हावी सायकल ढकलतच परत आला. चढ होता, पण उतारालाही तो बसला नाही.

लग्नाची सकाळ गरम वाऱ्यानं उजाडली. धूळ दातांत कचकचत होती. दुकानासमोर गर्दी. पिंप आज बाहेर रस्त्यावर काढून त्यावर गादी अंथरली होती. जावई गळ्यात टॉवेल अडकवून, दोन्ही गालांची वाढवलेली दाढी मिरवत बाजूला उभा, मागं त्याचे मित्र. फोटोवाला स्टुलावर चढलेला. नर्सबाई लग्नाला म्हणून आलेल्या, चांगली साडी नेसून. चपलेला आज नवी पिन. पोरगी सभागृहाच्या दारात हिरव्या लुगड्यात उभी. आत जा म्हणून मावश्या ओढत होत्या, ती जात नव्हती.

अध्यक्ष पिंपावर बसले. न्हाव्यानं पितळी डबा उघडला. मखमलीवर काळी बुरशी धरली होती. ब्रश फिरवला, फेस केला, अध्यक्षांच्या तोंडावर थापला. वस्तरा ओढायला सुरुवात केली. गालाला लागला नाही. ओठावर लागला नाही. न्हाव्यानं श्वास धरला होता. हनुवटीखाली आला आणि उबाळूला लागलाच. टोपी उडाली. आधी पांढरं, मग पिवळं, मग रक्ताची दोरी, ती फेसातून मानेवर सरकत गेली. अध्यक्ष 'स्स' म्हणाले. न्हाव्यानं डब्यातली तुरटी घेऊन जखमेवर दाबली, फिरवली, बाजूला ठेवली. तुरटी गुलाबी झाली होती.

अध्यक्ष उठले. "बसवा जावयाला. वस्तरा पुसू नकोस."

जावई बसला. मान मागं टाकली. फोटोवाला न्हाव्याला म्हणाला, "मामा, जरा हसा."

न्हाव्यानं वस्तऱ्याकडे पाहिलं. पात्यावर राखाडी फेस, त्यात खुंटं, त्यात तो पिवळा-तांबडा धागा, आणि पात्याच्या मुळाशी कितीतरी दिवसांचं साचलेलं काळं किटण, ज्यात गिरणीवाला होता, हेडमास्तर होते, पिकअपवाला होता, सगळं गाव होतं.    तो वळला, दुकानाच्या लोखंडी दारापाशी गेला, बिजागरीच्या फटीत हस्तिदंती मुठीपर्यंत वस्तरा घातला आणि सगळ्या ताकदीनं दार ओढलं.

कट्ट असा आवाज झाला. परदेशी पोलादाचे दोन तुकडे झाले.

मग तो गटाराच्या कडेला बसला आणि ओकला.

 मग अध्यक्षांचा आवाज फुटला, "माझ्या बापाचा वस्तरा!"

न्हावी तोंड पुसत उभा राहिला. "साहेब, तुम्हाला कावीळ आहे. भिंतीवरच्या कागदातलं रक्त तुमचं नाही. यांचं आहे."

सगळे होयबाकडे वळले.

"खोटं आहे ना हे?" अध्यक्ष गरजले.

"होय."

"होयबा," नर्सबाई पुढं आल्या, "रक्त तुमचं होतं का?"

"होय."

"म्हणजे अध्यक्षांचं नव्हतंच?"

"होय."

नर्सबाईंनी साडीचा पदर खोचला, अध्यक्षांपाशी गेल्या आणि कोणी अडवायच्या आत त्यांच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढली. उन्हात ते पिवळं सगळ्यांना दिसलं.

"या डब्यातून कोणाकोणाची दाढी झाली?" नर्सबाईंनी गर्दीला विचारलं.

 हात आपोआप वर गेले, मत द्यायला जातात तसे नव्हे, गालाकडे. गिरणीवाला गाल चाचपू लागला. हेडमास्तर हनुवटी चाचपू लागले. व्यापाऱ्यानं तर दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. एवढे दिवस ज्यांची गावानं कीव केली ती, त्या डब्याचा मान न मिळालेली माणसं मात्र अचानक ताठ उभी राहिली. शिंपी मोठ्यानं म्हणाला, "मला कधी बोलावलंच नाही त्यांनी!" आणि पहिल्यांदाच ते आनंदानं म्हणाला.

"सगळ्यांनी उद्या माझ्याकडे यायचं," नर्सबाई म्हणाल्या. "रक्त द्यायचं, स्वतःचं. ज्याला झाली नसेल त्याला लस टोचेन. साहेब, तुम्ही आधी."

"अध्यक्षाला कोण तपासणार?" अध्यक्ष म्हणाले. "अध्यक्ष तपासायला असतो. होयबा, कुलूप आण! हे दुकान आजपासून बंद. डबे आत राहू देत, हा बाहेर राहू दे."

होयबानं कुलूप आणलं. दुकानाला लावलं. अध्यक्ष मानेवरचा वाळलेला फेस तसाच घेऊन निघून गेले, त्यांच्यामागं होयबा, आणि थोडं अंतर राखून, गाल पुशीत, समिती. पितळी डबा पिंपावर उघडाच राहिला. त्याला हात लावायला कोणी पुढं येईना.

न्हाव्याचा बाप काठी टेकत आला, कुलूप हलवून बघितलं आणि म्हणाला, "चला, आता खुर्ची घ्यायचा प्रश्न मिटला."

आणि मग न्हाव्याच्या बायकोनं पिंपाला पाय लावून ते डब्यासकट बाजूला लोटलं. रस्त्याच्या कडेला, शिंप्याच्या भिंतीच्या सावलीत, पोतं अंथरलं. घरातून स्वच्छ तांब्या आणला, उकळून गार केलेलं पाणी वाटीत ओतलं. नर्सबाईंनी पिशवीतून कोरं पातं काढून दिलं, वेष्टणासकट. न्हाव्यानं ते सगळ्यांसमोर फाडलं. जावई पोत्यावर येऊन बसला. मित्र पांगले होते. फोटोवाला स्टुलावरून उतरला होता.

न्हाव्यानं अशी दाढी आयुष्यात केली नव्हती. नव्या साबणाचा फेस ढगासारखा आला. पातं गालावरून असं गेलं, जणू काही गेलंच नाही. कुठं लाल टिंबसुद्धा नाही. कितीतरी दिवसांनी तो नाकानं श्वास घेत होता. साबणाचा वास येत होता, नुसता साबणाचा. दुकान गेलं होतं, खोली गेली होती, उद्या काय करायचं ते माहीत नव्हतं. पण सभागृहाच्या दारातून पोरगी बघत होती, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते बघून म्हाताऱ्यानंही तोंड मिटलं. बायकोनं डोळ्याला पदर लावला. नर्सबाई म्हणाल्या, "वा, न्हावीदादा."

न्हाव्यानं कोऱ्या टॉवेलनं जावयाचं तोंड टिपलं आणि आरसा समोर धरला. जावयानं डावा गाल बघितला, उजवा गाल बघितला. मग इकडं तिकडं पाहून, कोणी ऐकत नाही अशी खात्री करून घेतली आणि सासऱ्याच्या कानाशी तोंड नेलं.

"मामा, तुमच्या हाताला तोड नाही. तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत, जन्मभर विसरणार नाही." त्यानं टॉवेलखालून मूठ काढली आणि हळूच उघडली. तळहातावर गुलाबी झालेली तुरटी होती. "गर्दीत उचलली. मित्रांना शब्द दिलाय हो. ही तेवढी साहेबांची जरा गालावरून फिरवता का?"